विवाहरीती का पालटल्या?

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा मंडळाची वधूवर-नोंदवही माझ्यासमोर उघडी होती. शिक्षण, नोकरी, वेतन, अपेक्षा हे रकाने मुलींच्याही नावापुढे भरलेले पाहून मला आजीची आठवण झाली. तिचे लग्न नवव्या वर्षी झाले. तिची अपेक्षा कोणी विचारली नव्हती. एवढे अंतर तीन पिढ्यांत कसे पडले, याचा विचार प्रत्येक ज्ञातिबांधवाने करण्याजोगा आहे.

पूर्वी विवाह हा दोन व्यक्तींचा नव्हे, तर दोन घराण्यांचा संबंध होता. शेती आणि पिढीजात धंदा एकत्र कुटुंबाच्या बळावर चाले. उपजीविकाच घराच्या हाती, तेव्हा सून कोणती आणावी हे घराने ठरवावे, हे ओघानेच आले. या रीतीस न्यायालयात आव्हान दिले ते रखमाबाईंनी. अकराव्या वर्षी झालेला विवाह त्यांनी अमान्य केला. १८८४ साली पतीने मुंबईस दावा लावला. १८८७ साली 'पतीकडे नांदावयास जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा' असा निर्णय झाला, तेव्हा त्यांनी कैदेची तयारी दाखविली. वृत्तपत्रांतून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पुढे तडजोड होऊन त्या इंग्लंडात वैद्यक शिकल्या व डॉक्टर झाल्या.

कायद्याने समाज पालटतो, असे आपण सहज म्हणतो. तथापि १९२९ च्या शारदा कायद्याची कथा निराळी आहे. त्याने मुलीचे किमान वय १४ व मुलाचे १८ ठरविले. अंमल १ एप्रिल १९३० पासून व्हावयाचा होता. लोकांनी मधल्या काळात असंख्य बालविवाह घाईघाईने उरकून घेतले! पुढे १९७८ साली हीच वये १८ व २१ झाली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातील विशीच्या पहिल्या पाच वर्षांतील स्त्रियांपैकी शेकडा सुमारे २२ जणींचा विवाह अठराच्या आत झालेला आढळला.

मग खरा पालट कशाने झाला? माझ्या मते चाकरी आणि शाळा यांनी. १८५३ साली आगगाडी आली, पाठोपाठ मुंबईस कापडगिरण्या निघाल्या. तरुण गाव सोडून वेतनावर जगू लागला. चाळीतील एका खोलीत एकत्र कुटुंब मावणार कसे? दुसरीकडे, १८४८ साली फुले दांपत्याने पुण्यात लावलेले स्त्रीशिक्षणाचे रोप वाढत गेले; १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. मी शिक्षक झालो तेव्हा सातवीनंतर मुलींचे बाक रिकामे होत. निवृत्तीच्या वर्षी माझ्या दहावीच्या वर्गात मुलीच अधिक होत्या. शिकण्यात वय वाढले, मिळकतीने शब्दास वजन आले, आणि निवड घराण्याकडून व्यक्तीकडे गेली.

याच वाटेवर पुढे विवाहाविना सहजीवन येते. घरापासून दूरची नोकरी, घरभाड्याचा भार, मोडलेल्या संसारांची धास्ती ही त्याची काही कारणे होत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने विवाहसदृश संबंधातील स्त्रीसही संरक्षण दिले. सज्ञान स्त्रीपुरुषांचे असे राहणे हा गुन्हा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले.

गतवर्षी आपल्यातीलच एक गृहस्थ मजकडे आले. कन्या परगावी अशीच एका तरुणासह राहते, म्हणून त्यांनी तिचे नाव घेणे सोडले होते. "गुरुजी, माझे काय चुकले?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "आपण तिला शिकविले, स्वतःच्या पायावर उभे केले. ही चूक म्हणावयाची काय?" ते बराच वेळ निरुत्तर बसले.

मला स्वतःला विवाहसंस्था प्रिय आहे. लग्नाची गाठ विचारपूर्वक बांधलेलीच बरी, असेच मी कोणासही सांगेन. परंतु ज्या मुलीस माहेरचे दार बंद, तिने संकटात जावे कोठे? मतभेद असोत, पण दाराची कडी आतून लावू नये, एवढीच ज्ञातिबंधुभगिनींस विनंती.