वाहनाचा आवाज, वाटसरूचा हक्क

कारंज्याच्या बाजाराला कापसाच्या गाड्या निघत, तेव्हा बैलांच्या घुंगरमाळा वाटसरूला आधीच वर्दी देत. विलायतेत रस्त्यावर वाफेच्या गाड्या आल्या, तेव्हा १८६५ च्या कायद्याने गाडीपुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवणे सक्तीचे केले. पुढे पेट्रोलचे इंजिन आले. ते स्वतःच गरजत असे.

विजेची मोटार मात्र हळू चालताना जवळजवळ मुकी. अंध माणसाचे तर कान हेच डोळे! म्हणून युरोपात २०१९ पासून अशा मोटारींच्या नव्या नमुन्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज सक्तीचा झाला. २०२२ साली अमेरिकेत टेस्ला कंपनीच्या सुमारे ५ लाख ७८ हजार मोटारी सदोष ठरून दुरुस्तीस घ्याव्या लागल्या. कारण काय, तर गाडीबाहेर गाणी वाजवण्याच्या सोयीने हा इशाराच दबून जाई!

आपल्या केंद्र सरकारनेही २०२५ साली अशा सक्तीचा मसुदा काढला. त्यात मोटारी, बस नि मालट्रक आले. विजेच्या रिक्षा व दुचाकी राहिल्या. वाशिमकडच्या गावरस्त्यांवर तर वर्दळ ह्यांचीच अधिक. तेव्हा गुरुजींनी मुलांना एवढे जरूर सांगावे : आवाज नाही म्हणजे गाडी नाही, असे आता समजू नका, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे डोळ्यांनी पाहा.