चिठ्ठी द्यायची की ठेवून घ्यायचे?

दारात आलेला रुग्ण इथेच ठेवून घ्यायचा की चिठ्ठी देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवायचा, हा प्रश्न गावातल्या डॉक्टरला रोज पडतो. वैद्यकाच्या पुस्तकांत मात्र तो फारसा सापडत नाही. पुस्तके रोगांच्या नावांनुसार लिहिलेली असतात आणि रुग्ण काही रोगाचे नाव सांगत येत नाही. पाठवावे तर वाटेत दगावण्याची भीती, ठेवून घ्यावे तर आपल्या हातून जाण्याची. हा निर्णय कसा घडत जातो हे समजून घ्यायला रायगड जिल्ह्यातल्या विंचूदंशाइतके बोलके उदाहरण आम्हांला दुसरे आढळले नाही.

कागदावर व्यवस्था सरळ आहे. १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात आरोग्यसेवेची उतरंड मांडली. गावांसाठी प्राथमिक केंद्र, त्याच्यावर दुय्यम रुग्णालय आणि सर्वांत वर जिल्ह्याचे मोठे रुग्णालय. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे सुरू झाली. सोपे दुखणे खाली बरे करावे, अवघड ते वर पाठवावे, अशी कल्पना. ब्रिटनमध्येही १९४८ पासून तज्ज्ञाकडे जायचे ते कुटुंबाच्या डॉक्टरमार्फतच. पण सोपे कोणते आणि अवघड कोणते, हे ठरवायचे कशावरून? रुग्ण पाठवण्याचे प्रमाण डॉक्टरागणिक कित्येक पटींनी बदलते, असे तिथल्या पाहण्यांतही दिसून आले आहे.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा हा जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ मधले. कोकणात दगडी गडग्यांत, लाकडांच्या ढिगात, भाताच्या पेंढ्यात, दाराशी काढून ठेवलेल्या चपलेत विंचू असायचाच. त्यातला मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण त्याच्या दंशाने बहुधा नुसती आग होते. जीव घेतो तो आकाराने लहान असलेला लाल विंचू. दंशानंतर काही तासांत रुग्णाला धाप लागे, तोंडातून गुलाबी फेस येई आणि तो दगावे. त्यांत मुले पुष्कळ असत. १९६१ ते १९८३ या काळात पश्चिम भारतातून प्रसिद्ध झालेल्या नोंदींत गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावल्याचे दिसते.

अशा रुग्णाला पाठवायचे कुठे? मुंबई पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, रस्ता घाटवळणांचा. महाडजवळच्या वीरपर्यंत रेल्वे आली तीच मुळी १९९३ साली. म्हणजे फेस दिसल्यावर चिठ्ठी लिहिणे हे जवळजवळ निरोप देण्यासारखेच. आणि दंश झालेल्या प्रत्येकालाच पाठवायचे म्हटले, तर बहुतेकांना उगाच पाठवले जाणार, कारण बहुतेक दंश जिवावर बेतत नाहीत.

इथे एक अडचण लक्षात घेण्याजोगी आहे. गावातला डॉक्टर दंशानंतरचा पहिला तास पाहतो आणि रुग्ण पुढे पाठवतो. शहरातल्या तज्ज्ञाला दिसतो तो सातवा किंवा आठवा तास. मधले तास कोणीच पाहत नाही. बावस्करांनी ते पाहिले. रात्ररात्र रुग्णांजवळ बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात त्यांचा लेख आला तो नेमका याच विषयावर होता: हृदयाला धोका पोहोचणार हे आधी कोणत्या खुणांवरून ओळखावे?

त्या खुणांना यंत्र लागत नाही. उलट्या, दरदरून घाम, सुटलेली लाळ, बर्फासारखे गार हातपाय, पुरुषांत व मुलग्यांत लिंगाला आलेला ताठरपणा. गंमत अशी, की असह्य वेदना ही धोक्याची खूण नव्हे. इतर काही लक्षण नसताना जो वेदनेने ओरडतो आहे, तो बहुधा वाचणारा असतो. गप्प पडलेले, घामाने भिजलेले मूल जास्त धोक्यात असते. पाहणाऱ्याची सहजबुद्धी नेमकी उलट सांगते.

असे का होते? लाल विंचवाचे विष मज्जातंतूंवरची सोडियमची द्वारे उघडी ठेवते. त्यामुळे स्वायत्त मज्जासंस्थेत वादळ उठते आणि ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात लोटतात. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात. त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुफ्फुसांत पाणी भरते. पूर्वी अशा रुग्णाला सर्रास ॲट्रोपिन टोचत. त्याने घाम थांबे, लाळ आटे आणि सगळ्यांना हायसे वाटे. पण नाडी आणखी धावे, आणि ज्या खुणांवरून निर्णय घ्यायचा त्याच पुसल्या जात.

पुण्यात एम.डी. करून बावस्कर पुन्हा याच भागात आले. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध त्यांनी वापरून पाहिले; पण ते शिरेतून थेंबाथेंबाने, सतत रक्तदाब मोजत द्यावे लागते. लहान केंद्रात ते कसे जमावे? मग त्यांनी प्राझोसिनकडे मोर्चा वळवला. उच्च रक्तदाबासाठी आधीपासून मिळणारी ही स्वस्त गोळी विषाने आवळलेल्या वाहिन्या सैल करते. १९८६ साली डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी हे अनुभव प्रसिद्ध केले. पुढे त्यांच्या रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले.

आमच्या मते यात पाठवणीचा प्रश्नच बदलून गेला. प्रश्न आता ‘पाठवू की ठेवू’ एवढाच राहिला नाही. खुणा दिसताच आधी गोळी द्यायची आणि मग पाठवायचे की नाही ते ठरवायचे. तालुक्याच्या डॉक्टरच्या हाती निर्णयासोबत उपायही आला.

मांत्रिकाचे प्रस्थ का टिकले, याचे उत्तरही वर येऊन गेले आहे. दहातले बहुतेक आपोआप बरे होणार असतील, तर मंत्र घालणाऱ्याला यश मिळणारच. वर्गात संभाव्यता शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

२०११ साली महाडमधल्या ७० रुग्णांवरील चाचणीत प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिल्यास रुग्ण निम्म्याहूनही कमी वेळात सावरतात, असे आढळले. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही आली आहे. ती येईपर्यंत केंद्रात पहिली मात्रा पोटात गेलेली असावी. या गोळीने उभे राहताच रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून मुलाला आडवेच ठेवायचे असते. रडते म्हणून आईने त्याला कडेवर घेऊ नये, हे तिला समजावून सांगणे, हा या उपचाराचा बहुधा सगळ्यांत अवघड भाग.