मोहोर आणि पेस्तनशाही रुपया

सोन्याची जुनी नाणी जमविणे हा धनिकांचा शौक; कामगारांच्या सभा भरविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने त्यावर का बोलावे, अशी शंका काही श्रोत्यांना येईल. उत्तर सरळ आहे. मजुरी ज्यात मोजली जाते त्या नाण्याचा इतिहास मजुराच्याही कामाचा आहे. शिवाय आपण तारापूर-बोईसरची माणसे. आपल्या गावच्या एका पुरुषाचे नाव खुद्द एका नाण्याला मिळालेले आहे. त्याची हकीकत सांगण्यापूर्वी, संग्राहक ज्यासाठी जीव टाकतात ती प्रूफ मोहोर म्हणजे काय, हे पाहू.

चकाकणारे ते सर्व प्रूफ, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. प्रूफ ही नाण्याची अवस्था नसून ते घडविण्याची रीत आहे. ठसा घासून आरशासारखा करावयाचा, सोन्याची चकती तशीच निवडून स्वच्छ करावयाची, आणि यंत्राचा दाब सावकाश, बहुधा एकाहून अधिक वेळा द्यावयाचा. अशा नाण्याची कडा धारदार उठते व सपाट भाग आरशासारखा होतो. बोईसरच्या कारखान्यांत प्रेसवर हात बसलेल्या माणसाला हे अधिक समजावून सांगावयास नको. डायवर ओरखडा पडला की तो प्रत्येक जॉबवर उमटतो, हे त्याला ठाऊक आहे. संग्राहक भिंगातून पाहतो ते हेच.

आता मोहोरेकडे वळू. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकसारखा रुपया सुरू केला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. पैकी १६५ ग्रेन शुद्ध चांदी. मोहोरही त्याच वजनाची व त्याच कसाची, परंतु सोन्याची. तिच्या एका बाजूस चौथ्या विल्यमचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस ताडापुढे उभा असलेला सिंह. किंमत १५ रुपये. दोन मोहोरांचे एक मोठे नाणेही निघाले.

गंमत अशी, की ज्या कायद्याने ही मोहोर पाडली त्याच कायद्याने सोन्याचे नाणे देण्याघेण्यात सक्तीचे राहणार नाही असे ठरविले. व्यवहार चांदीचा, सोने केवळ मानाचे! १८४१ मध्ये सरकारी खजिन्यांत मोहोर १५ रुपयांस घेण्याची मुभा मिळाली. पुढे कॅलिफोर्निया व ऑस्ट्रेलियात खाणी सापडून सोने स्वस्त होऊ लागले. लोक खजिन्यात मोहोरा आणून टाकतील व चांदी राखतील, या भीतीने १ जानेवारी १८५३ पासून ती मुभाही काढून घेण्यात आली.

तेव्हा साध्या मोहोरेचीच ही स्थिती, तर प्रूफ मोहोरेने बाजार पाहिला नाही यात नवल कसले? ती नमुन्यासाठी, बड्या अधिकाऱ्यांसाठी, हौशी संग्राहकांसाठी. आणि एक मेख येथेच आहे. मुंबई व कलकत्ता येथील टाकसाळींत संग्राहकांच्या मागणीवरून जुन्या सनांची नाणी मागाहून पुन्हा पाडण्यात येत. म्हणून नाण्यावर १८३५ असले तरी त्याचा जन्म कित्येक वर्षांनंतरचा असू शकतो. ठशाला मध्यंतरी चढलेल्या गंजाचे बारीक उंचवटे नाण्यावर दिसतात, ते पाहून पारखी हे ओळखतो. सन वाचून पैसे मोजणारा फसतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. कलकत्त्यास वाफेच्या यंत्रावर ही मोहोर उमटत होती, त्याच सुमारास निजामाच्या मुलखात औरंगाबादच्या टाकसाळीत हातोड्याच्या घावाखाली एक रुपया पडत होता. त्याला लोक पेस्तनशाही म्हणत. ही टाकसाळ ज्यांच्या ताब्यात होती ते पेस्तनजी मेहेरजी आणि त्यांचे बंधू विकाजी मेहेरजी हे आपल्या तारापूरच्या पारशी घराण्यातले. विकाजी जकात-अबकारीचे मोठे मक्तेदार. तारापूरची अग्यारी त्यांनी १८२० च्या सुमारास बांधली. तारापूरचा किल्लाही त्यांच्या घराण्याकडे इनाम होता. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मुंबईस आणण्याचा व्यापार या बंधूंनी उभा केला. हैदराबादेत त्यांची पेढी इतकी वाढली, की दिवाण चंदुलाल यांनी राज्यासाठी त्यांच्याकडून मोठाली कर्जे घेतली व परगण्यांचा वसूल त्यापोटी तोडून दिला. १८४३ मध्ये चंदुलाल पदावरून गेले. पुढे परगणे परत घेण्यात आले, कर्ज फिटले नाही, आणि पेढी बुडाली.

पेस्तनशाही रुपया ओबडधोबड असतो. त्याचा ठसा पुष्कळदा चकतीवर पुरता बसलेलाही नसतो. परंतु तो कापसाच्या बैलांबरोबर फिरला, बाजारात मोडला, सारा म्हणून भरला गेला. प्रूफ मोहोर टाकसाळीच्या कारागिराचे कसब दाखविते, आणि त्या कसबाला माझा नमस्कार आहे. त्या कारागिराचे नाव मात्र त्यावर नाही. झिजलेला रुपया समाजाचा व्यवहार सांगतो. ज्याला इतिहास हवा त्याने दोन्ही वाचावीत. लिलावातली किंमत हा वेगळा विषय आहे.

एवढ्यासाठी एक विनंती. आपल्या घरांतील जुनी नाणी वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला बाहेर निघतात आणि चिंच किंवा राख लावून घासली जातात. त्या एका घासण्यात आरशाचा भाग कायमचा जातो. मोहोरेला कडी डाखली की माळेत ती शोभते, पण तिची साक्ष अर्धी होते. आटविली की सगळीच संपते. तेव्हा नाणे विकायचेच झाले तर विका, परंतु त्याआधी काठाला धरून त्याचे छायाचित्र घ्या, वजन करा, आणि ते घरात कोणाकडून, कोणत्या निमित्ताने आले ते वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवा. जमिनीत सापडलेले धन मात्र १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळविलेच पाहिजे. २०१४ पासून पालघर हा स्वतंत्र जिल्हा आहे. त्यासाठी आता ठाण्यास जावे लागत नाही.

अशी शंभर घरांची टिपणे एका वहीत आली, तर ती वही आपल्या वाचनालयात ठेवता येईल. पेस्तनजींचा रुपया औरंगाबादेस पडला; त्याची आठवण तारापुरात राखणे हे काम आपलेच आहे.