टार्टन कुणाचं: कुळाचं की पलटणीचं?

आपल्या सैन्याचा पाइप बँड जवळून पाहिलात, तर बॅगपाइपच्या पिशवीवर आणि वादकाच्या खांद्यावरून पाठीवर सोडलेल्या वस्त्रावर चौकड्यांचं लोकरी कापड दिसेल. हे टार्टन. मूळ गाव स्कॉटलंडचा डोंगराळ भाग, म्हणजे हायलँड्स. तिथल्या पलटणींबरोबर हा बँड हिंदुस्थानात आला आणि रुजला.

या कापडाबद्दल एक समजूत मी नोकरीभर ऐकत आलो. प्रत्येक स्कॉटिश कुळाचं, क्लॅनचं, स्वतःचं टार्टन असतं. आपल्याकडच्या देवकासारखं ते पिढ्यान्‌पिढ्या चालत येतं आणि परक्यानं ते अंगावर घालणं ही आगळीक. ऐकायला छान आहे. पण कागद तपासले तर अधिकाराची खरी गोष्ट कुळांत कमी आणि पलटणींत जास्त सापडते.

१६ एप्रिल १७४६ चं कलोडनचं रणांगण घ्या. एका बाजूला जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याचे पाठीराखे. समोर सरकारी फौज, आणि तिच्यातही कॅम्पबेलांचे हायलँडर होतेच. टार्टन दोन्हीकडे. मग आपला कोण, परका कोण? ते टोपीवरून कळायचं. जॅकोबाइटांच्या टोपीवर पांढऱ्या फितीचं फूल असे. डेव्हिड मॉरियरनं या लढाईचं चित्र काढलं आहे. त्यात एकाच माणसाचा अंगरखा एका चौकड्याचा आणि कमरेचं वस्त्र दुसऱ्याच. गणवेश म्हणावा असं त्यात काही नाही.

पराभवानंतर पार्लमेंटनं हायलँडच्या पोशाखावरच घाव घातला. १ ऑगस्ट १७४७ पासून बंदी लागू झाली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. ही बंदी १७८२ पर्यंत टिकली. टार्टन कुणी घालावं हे कायद्यानं कधी ठरवलं असेल, तर ते एवढंच. आणि त्या कायद्यात एक पळवाट मुद्दाम ठेवली होती: राजाच्या फौजेतले अधिकारी आणि शिपाई यांना सूट. बापजाद्यांचा पोशाख उजळ माथ्यानं घालायचा, तर राजाचा पगार घ्यायचा. हा सौदा मला फार क्रूर वाटतो, आणि भरतीच्या दृष्टीनं फार धूर्तही.

शिपायांनी तो किती मनावर घेतला, ते १७७९ च्या एप्रिलमध्ये एडिंबराजवळच्या लीथ बंदरात दिसलं. ४२ व्या आणि ७१ व्या हायलँड पलटणींसाठी भरती झालेल्या जवानांना ऐनवेळी लोलँडच्या, म्हणजे सखल भागातल्या, पलटणीत जायला सांगितलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. आम्हाला गेलिकशिवाय भाषा येत नाही, आणि तुमच्या तंग विजारी आम्ही कधी घातलेल्या नाहीत. त्यांना पकडायला फौज आली, गोळीबार झाला, दोन्हीकडची मिळून डझनाच्या आसपास माणसं मेली. तिघांना मृत्युदंड सुनावला गेला आणि नंतर राजानं माफी दिली. विजारीवरून बंड म्हणून कुणी हसेल. मी हसणार नाही. भरती करताना दिलेला शब्द मोडला, की शिपाई काय करतो ते कुठल्याही पलटणीतल्या जुन्या सुभेदाराला विचारा.

आता ही टार्टन आली कुठून? १७२५ मध्ये हायलँडवर पहारा ठेवायला सरकारनं स्वतंत्र तुकड्या उभ्या केल्या, १७३९ मध्ये त्यांची पलटण झाली. तीच ब्लॅक वॉच. तिचं गडद निळं-हिरवं-काळं कापड म्हणजे सरकारी टार्टन. पुढच्या पलटणींनी त्यावरच रेघा चढवल्या. गॉर्डन हायलँडर्ससाठी हंटलीच्या विल्यम फोर्सिथनं एक, दोन आणि तीन पिवळ्या रेघांचे नमुने पाठवले. ड्यूक ऑफ गॉर्डननं एक रेघ पसंत केली. मॅकेन्झी कुळातल्या सीफोर्थांच्या पलटणीनं लाल आणि पांढरी रेघ घेतली. आज गॉर्डन, मॅकेन्झी, कॅम्पबेल ही कुळं जे टार्टन आपलं म्हणून मिरवतात, ते मुळात याच सरकारी कापडाचे अवतार. कुळानं पलटणीकडून घेतलं, उलटं नव्हे.

बाकी कुळांचं काम विणकरांनी केलं. १८१५ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीनं कुळप्रमुखांकडून त्यांच्या टार्टनचे नमुने मागवले, तेव्हा आपलं टार्टन कोणतं हे अनेकांना ठाऊकच नव्हतं. बॅनॉकबर्नची विल्सन कंपनी क्रमांकांनी कापड विकत असे. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी दिलेलं उदाहरण तर झोंबणारं आहे. ‘मॅकफर्सन’ नावानं कुळप्रमुखाला दिलेला नमुना आधी ‘किड’ म्हणून विकला जात होता, कारण किड नावाच्या गिऱ्हाइकानं तो वेस्ट इंडिजमधल्या आपल्या गुलामांच्या कपड्यांसाठी घाऊक घेतला होता. त्याआधी तो नुसता क्रमांक १५५. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, वॉल्टर स्कॉटनं सोहळा मांडला, आणि जो तो आपल्या कुळाचं टार्टन शोधत विणकराच्या दारात उभा राहिला.

आता असईकडे येऊ. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यातलं गाव. शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध वेलस्लीकडे ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँड पलटणी होत्या. मराठी तोफखान्यासमोर ७४ वी अक्षरशः चिरडली गेली. तिचे जवळजवळ सगळे अधिकारी ठार किंवा जखमी झाले. बक्षीस म्हणून तिला हत्तीचं मानचिन्ह मिळालं. आणि १८०९ मध्ये त्याच ७४ व्या पलटणीसह सहा पलटणींचा हायलँड पोशाख हुकमानं काढून घेतला गेला. हायलँडमध्ये पुरेशी माणसं मिळेनात, आणि किल्टमुळे बाहेरची माणसं भरती होईनात, हे कारण. असईत मेलेल्यांचा हिशेब त्यात कुठे नव्हता. १८४५ मध्ये टार्टन परत मिळालं, तेही विजारीपुरतं. पुढे १८८१ च्या फेररचनेत लोलँडच्या पलटणींनाही सरकारी टार्टनच्या विजारी चढवल्या. ज्यांचे आजे-पणजे हायलँडरांना चोर-दरोडेखोर म्हणत, त्यांनाच!

आजची स्थिती विचाराल, तर नागरिकानं कोणतं टार्टन घालावं यावर कायदा नाही. कुळाचं अधिकृत टार्टन कोणतं, यात कुळप्रमुखाचा शब्द मानतात. २००८ च्या कायद्यानं सरकारी नोंदवही झाली, पण ती नमुन्यांची नोंद ठेवते, अंगावर कुणी घालावं ते सांगत नाही. खरा अपवाद बालमोरल टार्टनचा. राणी व्हिक्टोरियाचे पती अल्बर्ट यांनी ते १८५३ मध्ये आखलं. राजघराणं आणि राजाचा पाइपवादक यांच्याशिवाय ते कुणी घालत नाही, हा संकेत. रॉयल स्टुअर्ट हेही राजाचंच, पण ते बिस्किटांच्या डब्यांवरसुद्धा सापडतं. ब्लॅक वॉच तर कुणीही खुशाल घालावं.

शिपायाला मात्र निवड नसते. २००६ मध्ये उरलेल्या स्कॉटिश पायदळ पलटणी एकत्र करून रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड उभी राहिली. गॉर्डनची पिवळी रेघ, सीफोर्थची लाल-पांढरी रेघ गणवेशातून गेली. सगळ्यांना पुन्हा तेच सरकारी टार्टन.