हळू फिरण्याचं गणित

दीपनगरच्या वीजकेंद्रात टर्बाइनचा रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो. ताऱ्याच्या मागे जाणाऱ्या दुर्बिणीच्या आसाचा वेग असा, की एका फेऱ्याला २३ तास ५६ मिनिटं लागावीत. आता सांगा, बेअरिंग सांभाळायला अवघड कुणाचं? टर्बाइनचं म्हणाल. पण थांबा.

वेगात फिरणारा शाफ्ट स्वतःच तेल ओढून घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. धातूला धातू लागतच नाही. युनिट बंद केलं की गरम रोटर वाकू नये म्हणून त्याला बॅरिंग गिअरवर हळूहळू फिरवतात. तेव्हा मोठ्या टर्बाइनमध्ये जास्त दाबाचं तेल पंपाने देऊन शाफ्ट उचलून धरावा लागतो, कारण त्या वेगाला तो थर नीट तयार होत नाही. दुर्बीण तर जन्मभर याहूनही हळू फिरते. म्हणजे घर्षण आलंच. आस क्षणभर अडकतो, मग झटक्याने सुटतो, आणि तारा नाचायला लागतो.

महाराष्ट्रात या दुखण्याचा इतिहास जुना आहे. भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (म्हणजे आपलं सीओईपी!) १८८८ च्या सुमारास वेधशाळा उभी राहिली. चालवणारे होते प्रा. कावसजी दादाभाई नाएगमवाला. तिथली डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी. तेव्हा मोठ्या दुर्बिणींना मोटर नसे. हळूहळू खाली उतरणारं वजन, वेग सांभाळणारा गव्हर्नर, आणि शेवटी मोठ्या दातेरी चाकाला फिरवणारा स्क्रूसारखा वर्म.

हे काम किती नाजूक? समजा चाकाची त्रिज्या १० सेंटिमीटर आहे. तर एक आर्कसेकंद म्हणजे त्याच्या कडेवर जेमतेम अर्धा मायक्रॉन. दात्यात १० मायक्रॉनचा धुळीचा कण अडकला तर तारा सुमारे २० आर्कसेकंद सरकतो. दुर्बिणीतून दिसणाऱ्या गुरूच्या बिंबाचा जवळजवळ अर्धा व्यास! चाकाला ३६० दाते असतील तर वर्म साधारण चार मिनिटांत एकदा फिरतो. वर्मवर एका जागी झीज असेल तर तीच चूक दर चार मिनिटांनी परत येते.

म्हणून सर्व्हिसिंग. घट्ट झालेलं जुनं ग्रीस काढायचं, रॉकेलने धुवायचं, बेअरिंग हाताने फिरवून कुठे खरखर लागते ते बघायचं, नवं ग्रीस बेताचंच लावायचं. मग वर्म आणि चाक यांतलं अंतर. सैल ठेवलं तर प्ले, आवळलं तर अडकणार. यावर जुन्या लोकांची युक्ती अशी, की दुर्बीण पूर्वेकडे किंचित जड ठेवायची. मग दाते कायम एकाच बाजूला टेकून राहतात आणि प्ले जाणवतच नाही.

हीच युक्ती नारायणगावजवळ खोडदला भल्यामोठ्या रूपात दिसते. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या आणि २००१ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या जीएमआरटीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. आडव्या दिशेत अँटेनाचा एक फेरा व्हायला मोटरला सुमारे १९ हजार फेरे घ्यावे लागतात. एवढ्या गिअरमध्ये प्ले येणारच. म्हणून प्रत्येक आसाला दोन मोटरी, आणि त्या एकमेकींविरुद्ध थोडा जोर लावून दाते टेकवून ठेवतात. पूर्वेकडच्या वजनाचं काम इथे दुसरी मोटर करते. पण तेल आणि ग्रीस काही सुटलेलं नाही. अँटेना उघड्यावर आहेत, ऊन-पावसात.

आणि पुण्याची दुर्बीण? १९१२ मध्ये नाएगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली. उपकरणं कोडाईकनालला गेली. दुर्बिणीला पैसे देणारे महाराज मिळाले होते, पण वेधशाळा एका माणसाच्या जिवावर चालत होती. खोडदला ते काम एका माणसावर नाही, माणसं बदलली तरी ते चालू राहतं. मला विचाराल तर दोन मोटरींपेक्षा ही सुधारणा मोठी. देणगीदाराचं नाव दगडावर कोरलं जातं, ग्रीस बदलणाऱ्याचं नाही. पण तारा जागेवर राहतो तो त्याच्यामुळेच.