रंग कोठें हरवतो ?

छापील चित्रांत हिरवें झाड दिसतें, पण तें छापणाऱ्या घरगुती यंत्रांत हिरवी शाई बहुधा नसते. केशरी पट्ट्यासाठीं केशरी शाई नसते आणि जांभळ्या फुलासाठीं जांभळीहि नसते. पिवळा, राणी आणि आकाशी हे तीन रंग व जोडीला काळा, एवढ्या भांडवलावर हा सारा संसार चालतो. म्हणूनच शाईची रिकामी डबी, म्हणजे कार्ट्रिज, पुन्हां भरल्यावर यांतला एक रंग उतरला नाहीं, तर बिघाड त्या रंगापुरता राहत नाहीं. सारें चित्रच खोटें बोलूं लागतें. गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरसारख्या ठिकाणीं शाळेचा तक्ता किंवा समारंभाची पत्रिका अशा यंत्रावर छापणाऱ्यापुढें मग प्रश्न उभा राहतो : डबी फेकून नवी विकत आणावी, कीं दोष शोधावा? या प्रश्नाचें उत्तर रंगमुद्रणाच्या इतिहासांत चांगलें सांपडतें.

न्यूटनचा प्रकाशावरील ग्रंथ १७०४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत जेकब ल ब्लों या फ्रँकफर्टच्या चित्रकारानें निळा, पिवळा व तांबडा अशा तीन रंगांचे तीन पत्रे एकावर एक छापून पूर्ण रंगीत चित्र सिद्ध केलें, आणि १७१९ सालीं इंग्लंडांत त्याचा एकाधिकार मिळविला. व्यवहारांत त्याची कंपनी बुडाली, पण तत्त्व टिकलें. पुढें तीन पत्र्यांना त्यानें काळ्याची जोड दिली. आजच्या यंत्रांतल्या चार शाया या त्याच कुळांतल्या.

महाराष्ट्रांत रंगीत चित्र घरोघरीं पोंचलें तें शिळाछापामुळें. १८७८ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह पुण्यास चित्रशाळा काढली. १८९४ सालीं राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईंत सुरू झाला व पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस हलला. तेथें एकेका चित्रासाठीं अनेक दगड लागत. प्रत्येक दगड एका रंगाचा. लक्ष्मीच्या मुखावरची कांति ही एका शाईची नव्हे, तर एकावर एक बसलेल्या कित्येक ठशांची पुण्याई होती. पुढें विडीच्या कट्ट्यावरच्या रंगीत लेबलांनीं हीच विद्या बाजारांत नेली. विडीचा धंदा ज्या गोंदिया-भंडाऱ्याच्या मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तेथें अक्षरओळख नसलेलें गिऱ्हाईकहि लेबलाच्या रंगावरून आपला माल ओळखी.

रंगीत शिळाछापांतली एक रीत येथें विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. चित्र बिघडलें तर कारागीर पूर्ण चित्राकडे पाहून तर्क करीत बसत नसे. प्रत्येक रंगाचा ठसा स्वतंत्र काढून तो तपासी. मग दोन रंग एकत्र, मग तीन. ज्या पायरीवर चूक दिसे, तेथलाच दगड दोषी. या पायरीपायरीच्या ठशांमुळें ‘चित्र वाईट आलें’ ही मोघम तक्रार ‘अमुक रंग उतरला नाहीं’ अशी नेमकी होई.

शाई उडवून छापण्याचें यंत्र मात्र फार अलीकडचें. १९७७ सालीं जपानांतील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेंत डाख देण्याचें तापलेलें हत्यार शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला चुकून लागलें आणि टोंकांतून शाईचा थेंब उडाला, अशी त्या शोधाची कथा सांगतात. उष्णतेनें बुडबुडा उठतो व तो शाईला पुढें ढकलतो, हें तत्त्व त्यांतून हातीं आलें. अमेरिकेंत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनेंहि स्वतंत्रपणें तेंच तत्त्व साधून १९८४ सालीं आपलें यंत्र बाजारांत आणलें. एप्सन कंपनीनें उष्णतेऐवजीं विजेनें आकार बदलणाऱ्या स्फटिकाचा दाब वापरला. कित्येक यंत्रांत हीं सूक्ष्म छिद्रें डबीलाच जोडलेलीं असतात, तर कित्येकांत तीं यंत्रांत कायमचीं बसविलेलीं असतात.

आतां मूळ अडचणीकडे वळूं. यंत्राच्या चांचणीचें पान छापावें. जुन्या कारागिराच्या सुट्या ठशांचा तो वंशजच आहे. तें नसलें तरी आपला तिरंगा साक्ष देतो. केशरी पट्टा गुलाबी व हिरवा पट्टा निळसर आला, तर पिवळा गेला. केशरी जागेवर आहे पण हिरवा पिवळा पडला, तर आकाशी गेला. हिरवा टिकला पण केशरी पिवळा झाला, तर राणी गेला.

रंग ओळखल्यावर, छिद्रें डबीलाच असतील तर, डबी काढून तिचें तोंड ओलसर मऊ कागदावर क्षणभर टेंकवावें. तिन्ही रंगांचे ठसे शेजारीं शेजारीं उमटले, तर शाई दारापर्यंत पोंचली आहे. दोष विजेच्या बाजूचा. धातूच्या संपर्कपट्ट्यांवर शाई सांडली असेल, किंवा आंतला तापक जळला असेल. एक ठसा उमटलाच नाहीं, तर शाईची वाट अडली आहे. घाईनें भरतांना स्पंजांत हवा कोंडते. वरचें हवेचें छिद्र चिकटपट्टीनें बुजलें, तर शाई खालीं उतरूं शकत नाहीं. किंवा डबी फार दिवस कोरडी पडून शाई सुकलेली असते. त्यावर उपाय साधे आहेत : हवेचें छिद्र मोकळें करावें, कोमट पाण्यानें भिजविलेल्या फडक्यावर तोंड कांहीं मिनिटें ठेवावें, आणि पुढच्या वेळीं शाई सावकाश भरावी. रंग येत नसतांना पानामागून पान छापीत राहणें मात्र घातक. शाईच त्या तापकाला थंड ठेवीत असते.

डबी पुरती भरलेली असूनहि कित्येकदां यंत्र ती रिकामीच असल्याचें सांगतें. तेथें दोष शाईचा नसून हिशेब ठेवणाऱ्या इवल्याशा चिपचा असतो, आणि येथें प्रश्न कारागिरीचा न राहतां हक्काचा होतो. विकत घेतलेली वस्तु पुन्हां भरण्याची मोकळीक कोणाची? ३० मे २०१७ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें लेक्समार्क कंपनीच्या खटल्यांत निर्णय दिला कीं, डबी एकदां विकली कीं तिच्यावरचा निर्मात्याचा पेटंट-हक्क संपतो. त्यापूर्वींच, २०१० सालीं, एप्सननें इंडोनेशियांत बाटलीनें भरतां येणाऱ्या टांक्यांचें यंत्र विक्रीस काढलें. तेथील लोक आधींच यंत्राबाहेर बाटल्या व नळ्या जोडून आपलें काम भागवीत होते. वापरणाऱ्यांच्या काटकसरीनें कारखानदाराला आपला आराखडा बदलावयास लाविलें, असें हें उदाहरण आहे.

न्यायालयानें दिलेला हक्क कागदावर राहतो. त्याला अर्थ येतो तो ज्ञानानें. ज्याला रंग कोठें अडला तें सांगतां येत नाहीं, त्याला ‘नवी डबी घ्या’ एवढेंच ऐकावें लागतें, मग दोष फडक्याच्या एका पुसण्यानें जाणारा कां असेना. ज्याला तें कळतें, तो दुकानदाराशीं बरोबरीनें बोलतो आणि दोष नसतां दुकानदारावर आळहि घेत नाहीं. मळवलीच्या दगडांपुढें जी शिस्त होती, तीच तळहातावर मावणाऱ्या या डबीपुढेंहि कामीं येते : एकेक रंग वेगळा पाहावा, त्याची वाट शोधावी, आणि मगच वस्तु टाकावयाची कीं राखावयाची तें ठरवावें.