सुरक्षेचा कायदा आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य : कलम ६६-अ चा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

संपर्काचे नवे साधन आले की त्यावर नियंत्रण ठेवणारा कायदाही येतो आणि त्याचे कारण बहुधा सुव्यवस्था किंवा सुरक्षा हेच सांगितले जाते. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत देशी वृत्तपत्र कायदा झाला. इंग्रजी पत्रे त्यातून वगळली होती. देशी भाषांतील पत्रांच्या मुद्रक-प्रकाशकांकडून बंधपत्र घेण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यास मिळाला. त्याच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नव्हती. १८८५ च्या तार कायद्यातील कलम ५ ने संदेश अडविण्याचा अधिकार सरकारला दिला. संदिग्ध शब्द आणि शासनाच्याच हाती निर्णय, ही या परंपरेची दोन लक्षणे होत. स्वतंत्र भारतातील इंटरनेटविषयक कायद्यात ती कशी टिकली, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

कलम ६६-अ चा उगम व वापर :

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली अस्तित्वात आला. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर महिनाभरातच, त्यातील दुरुस्ती संसदेत फारशी चर्चा न होता संमत झाली. या दुरुस्तीतील कलम ६६-अ नुसार 'अत्यंत आक्षेपार्ह' संदेश पाठविणे, तसेच खोटी असल्याचे माहीत असूनही 'त्रास' वा 'गैरसोय' होण्यासाठी सतत माहिती पाठविणे, हा तीन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा ठरला. या शब्दांची व्याख्या मात्र कायद्यात नव्हती.

याचा परिणाम महाराष्ट्रानेच अनुभवला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडणारी एक तरुणी आणि ते मत केवळ पसंत करणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना पालघर येथे अटक झाली. या घटनेनंतर श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली.

न्यायालयीन निर्णय व त्यानंतर :

२४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविले. चर्चा व मतप्रचार यांना संरक्षण आहे, चिथावणीच्या टप्प्यावरच निर्बंध येऊ शकतो, हा त्या निर्णयाचा गाभा होय. संकेतस्थळे रोखण्याचा अधिकार देणारे कलम ६९-अ मात्र कायम राहिले. रद्द कलमाखाली गुन्हे नोंदविणे सुरूच राहिल्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला.

२०१७ च्या पुट्टस्वामी निर्णयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. तरीही २०२१ च्या नियमांनी संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देण्याचे बंधन मोठ्या संदेशसेवांवर घातले. अशा शोधासाठी सर्वांच्याच संदेशांची गुप्तता दुर्बल करावी लागेल, हा त्यावरील मुख्य आक्षेप आहे. सरकारविषयक मजकूर खोटा ठरविण्याचा अधिकार सरकारच्याच कक्षाला देणारी २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

समारोप :

स्त्रियांचा ऑनलाइन छळ व धमक्या हे प्रश्न खरे आहेत. परंतु पाठलाग, धमकी, बदनामी यांविषयी नेमक्या तरतुदी पूर्वीच्या दंडसंहितेत होत्या व आजच्या न्याय संहितेतही आहेत. म्हणून विरोध सुरक्षेला नसून संदिग्ध व्याख्येला आणि अनिर्बंध अधिकाराला आहे. कायदा रद्द झाला तरी ठाणे अंमलदाराची सवय आपोआप बदलत नाही, हे ६६-अ च्या इतिहासाने दाखविले आहे. त्यामुळे अशा तरतुदींची चिकित्सा विधेयकाच्या टप्प्यावरच होणे अगत्याचे आहे.